चिमीच्या मापाची फळी

चिमीच्या आईस,

खोकला थांबलाय, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे?

कारखान्यातल्या उरलेल्या फोममधून चिमीसाठी छोटा सर्फबोर्ड घडवला. आपटली तरी लागू नये म्हणून कडा गोल घासल्या. शिकणाऱ्या पोराची फळी त्याच्या डोक्याहून दोन वीत उंच लागते. मी घरून निघालो तेव्हा चिमी माझ्या कमरेला लागायची, तेच माप धरलं.

मिस्त्रींनी विचारलं, "पोरगी केवढी?"

"नऊ वर्षांची."

"अरे, ही तर पाच वर्षांच्या पोरीची झाली."

मी ती फळी बाजूला ठेवली.

आता नवी करतोय. तिला दाराशी उभी करून सुतळीने माप घे. आकडा कळवू नकोस, सुतळीच पाठव. ती माझ्या कुठवर येते, ते मला लावून बघायचंय.

तुझाच,
चिमीचा बाबा