दगडावरची चटई

ट्रेवॉर्डन हॉल, श्रॉपशायर
मार्च १९२७

चिरंजीव पर्सिव्हल यास लव्हिनिया आत्याचे आशीर्वाद (थोडे हातचे राखून). तुझा खोकला कसा आहे? माझ्या तब्येतीची तू एका महिन्यात दोनदा चौकशी केलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी ठणठणीत आहे, तुला वाईट वाटणार नसेल तर.

तुझी चुलत बहीण ऑक्टेव्हिया लग्न करते आहे. तुझ्या आजोबांच्या मृत्युपत्रातली अट तुला तोंडपाठ असेलच: घर मुलीकडे गेलं, तर जावयानं आपलं नाव टाकून ट्रेवॉर्डन व्हायचं, नाहीतर घर तुझं. आता या नवऱ्यामुलाचं नाव एडविन गबिन्स. धंदा दात उपटण्याचा. नाव बदलशील का विचारलं, तर गडी हसतहसत हो म्हणाला! अरे, माणूस जुना कोटसुद्धा इतक्या सहजी टाकत नाही. डाळीत काहीतरी काळं होतंच. मी त्याला जेवायला बोलावून खोदूनखोदून विचारलं. त्याचे आजोबा डुकराच्या मांसाचे सॉसेज विकायचे, असं त्यानं बटाटे वाढून घेता घेता सांगितलं. इतका खरेपणा मला तरी संशयास्पद वाटला.

त्यात परवा तो बादली आणि ब्रश घेऊन एकटाच चर्चमध्ये शिरताना दिसला. मी मागोमाग गेले (छत्री घेऊन, वेळ काही सांगून येत नाही). बघते तर आपल्या घराण्याच्या बाकापुढची, गुडघे टेकायची चटई त्यानं गुंडाळून ठेवलेली, आणि खालचा दगड घासतोय. ती चटई माझ्या आईनं स्वतः विणलेली. ती हलवायची नाही, अशी आम्हा मुलांना सक्त ताकीद होती. का, ते त्या दिवशी कळलं. दगडावर कोरलं होतं: जोसाया गबिन्स, सॉसेजवाले, यांनी लेडी अ‍ॅराबेला ट्रेवॉर्डन यांच्याशी विवाह करून राजाज्ञेने त्यांचे नाव धारण केले. म्हणजे माझे पणजोबा! ज्या नाकाचा मी जन्मभर तोरा मिरवला, ते नाक सॉसेजवाल्याचं निघालं.

एडविन म्हणाला, "आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे, आत्याबाई. आमच्यातला एक जण आधीच नाव टाकून गेलाय, म्हणून मला काही वाटत नाही. फक्त दगडावर पुन्हा चटई घालायची का, तेवढं सांगा."

मी चटई काखेत मारून घरी आले. ऑक्टेव्हियाला हे कळलंच. ती म्हणते, आपण मुळातले गबिन्सच, तर मी गबिन्स होते, घर गेलं खड्ड्यात. पोरगी सुखात आहे, आणि तेच मला खुपतं आहे. कारण घराबरोबर माझी खोलीही जाते.

तुझी,
लव्हिनिया आत्या

ता. क. तेव्हा घर तुझं, बाळा. खोकल्याला मध घे. दक्षिणेकडची ती उन्हाची खोली मात्र माझ्याकडेच राहू दे. या वयात मी कुठे जाऊ?

पुन्हा ता. क. एका उमराव अर्लच्या मुलीशी तुझं जमतंय असं ऐकते. त्या घरी कुळाची फार चौकशी करतात म्हणे. चटई मी सध्या माझ्याच खोलीत ठेवली आहे. खोली माझी राहिली, की ती लगेच जागेवर जाईल.