चुकीच्या जागचा हायड्रोजन

९ एप्रिल १९६२
निबंध पुण्याला गेला. चार महिने मी आकृत्या काढल्या आणि माझ्या सहायिकेने, सुचेताने, गणनयंत्राचं हँडल फिरवलं – यालाच संशोधन म्हणतात. डीएनएतले ग्वानिन आणि सायटोसिन हे जोडीदार रेणू एकमेकांना किती ओढतात, याचं क्वांटम गणित. आधी प्रत्येक अणूवरचा विद्युतभार, मग इकडच्या एकेकाचं तिकडच्या एकेकाशी. ओढ चांगली आली. निबंध पटला तर तिथले प्राध्यापक नरहर देव तिला जुलैत पुण्याला संशोधनासाठी घेणार. तिचे वडील कारखान्यात फिटर, घरी स्थळं बघताहेत. "पुण्याचं पत्र आलं की बाबा थांबतील, सर," म्हणाली.

१६ एप्रिल
रसायनाचे अच्युतराव चहाचा कप घेऊन आले आणि फळ्यापुढे थबकले. "ग्वानिनचा हा हायड्रोजन ऑक्सिजनवर कुणी बसवला हो? तो शेजारच्या नायट्रोजनवर. जुन्या पुस्तकातून उतरवलंत वाटतं?"

उतरवलंच होतं. छापील होतं ना! भोपाळ राजधानी होऊन साडेपाच वर्षं झाली, कॉलेजात नवं पुस्तक अजून यायचंय.

१७ एप्रिल
एक हायड्रोजन हलला की सगळे भार हलतात. चार महिने पाण्यात. सुचेताच्या वह्या उघडायचा धीर नाही. ताट तसंच सारलं. आमची बायको लीलावती म्हणाली, "जगाच्या चुकांवर विनोदी लेख लिहिता. स्वतःची एक निघाली तर जेवण जात नाही?"

१८ एप्रिल
देवांना पत्र टाकलं. 'आकृती उतरवताना सहायिकेकडून चूक झाली. निबंध परत घेतो.' नाव घातलं नाही, इतका मी सभ्य. माझ्याकडे सहायिका एकच आहे.

१९ एप्रिल
दुसरं पत्र लिहिलं. फाडलं.

२६ एप्रिल
देवांचं उत्तर. 'कळवलंत, बरं केलंत. जुलैची जागा दुसऱ्याला देतो. इतक्या ढिल्या हाताची मुलगी मला नको.'

२७ एप्रिल
सुचेताला शेवटी सांगितलं, माझी आकृती चुकली होती.

"हो सर, पहिल्याच दिवशी दिसलं. मी हायड्रोजन नायट्रोजनवर घेऊनच सगळं केलं. तुमच्या हातून घाईत झालं असेल, म्हणून बोलले नाही."

तिने वही पुढे केली. पानन्‌पान बरोबर.

मग विचारलं, "पुण्याहून काही आलं का, सर?"