पेन ड्राइव्ह अजून वापरात आहे

६ जानेवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क मजा आली! मुलुंड पूर्वेला सुबोधदादांचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन, सत्यनारायण, श्रद्धांजली, माणसाचं काहीही झालं की त्याचा बॅनर इथे छापतात. लोक पेन ड्राइव्हवर फोटो आणतात, मी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, आणि आतल्या खोलीत दादा मशीनवर छापतात. जेवणाच्या सुट्टीत ही डायरी लिहायलाही वेळ मिळतो. भांडुपहून बसने वीस मिनिटं. निघताना आईने हातावर दही-साखर ठेवली आणि दारात उभी राहून हात हलवत होती. मी लढाईला निघाले होते जशी काही!

माझ्या आधी इथे माधुरी नावाची मुलगी होती. तिने सीपीयूवर चिठ्ठी चिकटवून ठेवलीय: पेन ड्राइव्ह ओढून काढू नये, वाट बघा. आता वाट बघणं आमच्या रक्तातच नाही. आई तर वाफ जायच्या आत कुकरच्या झाकणाला हात घालते. घरी मी पेन ड्राइव्ह सरळ उपटते, आजवर काही बिघडलेलं नाही. पण दादांनी बजावलं की गंधाली, बाकी काही पण चालेल, हे नाही चालणार. आधी क्लिक करायचं, कॉम्प्युटर हो म्हणाला की मगच हात लावायचा. बरं बाबा, तुमचं दुकान, तुमचे नियम.

८ जानेवारी, बुधवार

एका पेन ड्राइव्हने दिवसभर डोकं उठवलं. सर्वेश नावाचा माणूस वडिलांचा फोटो घेऊन आला. वडील चंद्रप्रकाश सोसायटीचे चेअरमन झाले म्हणून गेटवर अभिनंदनाचा बॅनर हवा होता. थाट असा, की मंत्रिपदच मिळालंय! बॅनर झाला, छापून झाला, पेन ड्राइव्ह काही सुटेना. काढायला गेलं की स्क्रीनवर एकच पाटी येते, हे उपकरण अजून वापरात आहे.

अरे, पण वापरतंय कोण? डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद केलं. उघडी फोल्डर बंद केली. व्हायरस तपासला. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ज्याचा ज्याचा संशय आला तो प्रोग्रॅम मारला. ढिम्म. शेवटी वैतागून कॉम्प्युटरच बंद केला. स्क्रीन काळी झाली, आतला पंखा थांबला, तरी पेन ड्राइव्हवरचा निळा दिवा लुकलुकतच होता.

दादांना दाखवलं. ते म्हणाले, राहू दे तसाच, दोन दिवसांत आपला आपण सुटतो, त्याला परवा यायला सांग. बोलताना माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

सुटला! सकाळी अकरा वीसला मी चहा पीत बसले होते, माउसला हातसुद्धा नव्हता. टिंग झालं आणि पाटी आली, आता हे उपकरण सुरक्षितपणे काढता येईल. मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. दादांना सांगितलं तर ते घड्याळाकडे बघून आत निघून गेले. विचित्रच माणूस आहे.

११ जानेवारी, शनिवार

येत्या एकोणीसला आईला साठ पूर्ण होतात. चाळीच्या तोंडाशी तिचा भलामोठा बॅनर लावायचा माझा बेत आहे, तिला पत्ता लागू न देता. सकाळी आल्या आल्या माझा पेन ड्राइव्ह लावला. गणपतीतला फोटो आहे. आई खुर्चीवर बसलीय आणि मी तिच्या पाठीमागे उभी. बॅनरसाठी मी स्वतःला कापून टाकणार होते. डिझाइन झकास झालं. पेन ड्राइव्ह काढायला गेले तर परत तीच पाटी. वापरात आहे.

दुपारी सर्वेश आला. केस काढलेले. काल सकाळी वडील गेले म्हणाला. अकरा वीसच्या सुमारास, पेपर वाचता वाचता मान टाकली. आता श्रद्धांजलीचा बॅनर हवाय. मी लगेच कामाला बसले. श्रद्धांजलीचं फोल्डर उघडलं, तर चंद्रप्रकाशांचा बॅनर आत तयार. फोटो, नावाआधी कै., खाली काल शुक्रवारची तारीख. ती फाइल बुधवारी दुपारी चारला बनलेली होती, आणि मी ती बनवलेली नाही.

तो गेल्यावर मी आधीच्या अकरा फाइली उघडल्या. प्रत्येक फाइल त्या माणसाच्या मृत्यूच्या दोन-तीन दिवस आधी बनलीय. एकदा म्हणता येतं की कावळा बसला आणि फांदी तुटली. अकरा वेळा कसं म्हणू?

माझा पेन ड्राइव्ह अजून आतच आहे. मला भीती वाटतेय.

१२ जानेवारी, रविवार

दुकान बंद. आई ठणठणीत आहे. दिवसभर संक्रांतीचे तीळ निवडत होती आणि मी सारखी का बघतेय म्हणून चिडली.

१३ जानेवारी, सोमवार

फोल्डरमध्ये नवी फाइल. शनिवारी सकाळी बनलेली. खुर्चीवर आई, मागे मी. खाली लिहिलंय, कै. रत्नप्रभा. तारखेची जागा रिकामी आहे.

पुसायला गेले. वापरात आहे. दुसरीकडे हलवायला गेले. वापरात आहे. प्लग उपटला, कॉम्प्युटर मेला, पेन ड्राइव्हचा दिवा चालूच.

दादांवर ओरडले. ते म्हणाले, मी काय करू गं, माझी आई पण ह्यातच गेली. मग त्यांनी माधुरीचा नंबर दिला.

माधुरीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या वडिलांचा पेन ड्राइव्ह असाच अडकला होता. तिने वाट बघितली. तीन दिवसांनी सुरक्षित सुटला. फोटो सगळे शाबूत होते, म्हणाली, आणि रडायलाच लागली. ओढून काढला असता तर काय झालं असतं, विचारलं. ते तिला माहीत नाही. कुणी कधी ओढलेलाच नाही. फोटोच तर उरलेत, तेही गेले तर, असं प्रत्येकाला वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी — तारीख भरली गेलीय. आजची.

घरीच थांबायला हवं होतं. पण पेन ड्राइव्ह इथे आहे — सुटणार इथूनच —

११.४०. शेजारच्या कुंदामावशींचा फोन. लाडू वळता वळता आई खाली बसली. डोळे उघडे आहेत, बोलत नाही. रिक्षा बोलावलीय म्हणाल्या. मी पोचेपर्यंत —

कोपऱ्यात पाटी उमटायला लागलीय. आता हे उपकरण सुर —

नाही. पुरी होऊ देणार नाही. फोटो गेले तर गेले.

ओढला.

११.५२. आई उठून बसली! लाडवांचा पाक कुणी घट्ट होऊ दिला म्हणून मावशींवर डाफरतेय. फोनवर मला ऐकू आलं. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. देवा. माझी आई.

कॉम्प्युटर बंद करू म्हणून वळले —

फाइल अजून उघडीच आहे. फोटो अर्धाच उरलाय. वरचा अर्धा. खाली सगळं करडं — खुर्ची नाही, आई नाही —

वर मी आहे. एकटीच.

दिवा लुकलुकतोय. पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत आहे आणि दिवा —

दादांना हाक मारली. ते आतून बाहेर येत नाहीत.

आईचं नाव पुसलं जातंय. शेवटून, एकेक अक्षर. पुसू दे. पुसू दे, बरंच झालं.

तारीख मात्र पुसली नाही —

नाव परत टाइप होतंय — कीबोर्डला हात नाही माझा — कै. गंधा