कमानीखालचा आधार

मेरीलँड, जुन्या राष्ट्रीय मार्गावरून

प्रिय बाबा,

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. खानावळीत सकाळी मेपलच्या पाकातली धिरडी मिळतात. आईच्या हातची सर त्यांना नाही, एवढं तिला सांगा.

दगडी पुलाच्या कमानीची दुरुस्ती संपली आणि आज तिच्याखालचा लाकडी आधार काढला. इथल्या गवंड्यांची रीत अशी, की त्या वेळी भाराचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरने कमानीखाली उभं राहायचं. मुकादम एल्डन म्हणाला, "हिशेब तुमचा ना, बाई? मग सावलीही तुमचीच."

मी उभी राहिले. आधाराखालच्या लाकडी पाचरी थोड्या थोड्या सैल केल्या, म्हणजे दगडांना भार पेलायला वेळ मिळतो. मध्येच कमान कुरकुरली.

"हात खिशात का? थंडी वाजतेय?" एल्डनने विचारलं.

"हो."

"जुलैत?"

कमान माझ्या अंदाजाइतकीच खाली बसली आणि थांबली. आईला मात्र मी बाजूला उभी होते असंच सांगा.

ती लिहिते, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही वॉकर सोडायला तयारच नाही. डॉक्टर तर हाड जुळलं म्हणतात. अजून दुखतं, की पडायची भीती वाटते? मला खरं कळवा. एकदम सोडू नका. आधी खोलीत, मग अंगणापर्यंत.

सप्टेंबरात पूल चालणाऱ्यांसाठी खुला होईल. तुम्ही या. माझा हात धरून चाला. तेव्हा तो खिशात नसेल.

तुमची लेक,
कॉरीन