पाणी की पानी

मंगळवार, संध्याकाळ. विटा

आज मुक्ताला मी तहानलेलं बसवून ठेवलं. आत्ताच लिहून टाकते, नाहीतर उद्या स्वतःलाच वेगळं सांगेन.

सात वर्षांची पोर, बोलणं येत नाही म्हणून शाळेतनं काढली. आता मीच शिकवते. पहिलीचं पुस्तक कापून चाळीस शब्दांवर आणलंय. मिरजेच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, शब्द जसा येईल तसा घ्या, दुरुस्त करत बसू नका.

तिनं तांब्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, "बोल." ओठ नुसतेच हलले आणि मग आलं, "पानी." महिनाभर ज्याची वाट बघितली तो शब्द. आणि मी काय म्हणावं? "पानी नाही, पाणी." तांब्या हातात धरून तीनदा म्हणायला लावलं. शेवटी तिनं तोंडच मिटलं.

तेवढ्यात सासरे रानातनं आले. "सूनबाई, पानी आन जरा." त्याच तांब्यातनं मी त्यांना लगेच भांडं भरून दिलं. मुक्ता बघत होती.

माझं माहेर सांगली शहरातलं, तिथं घरात सगळे 'पाणी'च म्हणायचे, म्हणून का हे? लेकीनं बोलावं एवढंच हवं होतं, की माझ्यासारखं बोलावं?

नंतर भांडं तिच्यापुढं धरलं. तिनं ते हातानं सारलं. म्हणाली, "आई नको."

"आई, नको" असं असेल का? पण मध्ये थांबली नव्हती.

दोन शब्द जोडून बोलणे, हे या महिन्याचं उद्दिष्ट. वहीत बरोबरची खूण केली. पुढं लिहिलं, उच्चार स्पष्ट.