कोथरूडची जागा वल्लरीला देण्याची कारणे

मी, शरयू मधुकर आठल्ये, वय वर्षे ब्याण्णव, जन्म रंगून, कायमचा पत्ता कोथरूड, पुणे, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनीच हृदय तपासून मला विमानात बसायला मनाई केली, त्यामुळे जे पुण्याला परतल्यावर करायचे होते ते इथे जेवणाच्या टेबलावर बसून करते आहे. मी कोणाच्याही दबावाखाली नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख कलम दोनमध्ये आहे.

कलम एक. माझे यजमान हयात नाहीत. मला रवींद्र हा एकच मुलगा, रेणू ही सून आणि वल्लरी व नैना या दोन नाती. वल्लरीचा जन्म पुण्याचा. दोन वर्षांची असताना ती इथे आली. नैना इथेच कॅरीत जन्मली, म्हणून ती या देशाची नागरिक आहे. रवींद्र ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे आणि ती रांग त्याच्या हयातीत हलेल असे मला वाटत नाही. वल्लरी आजवर बापाच्या व्हिसावर राहिली. येत्या डिसेंबरात तिला एकविसावे पूर्ण होईल, त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ती त्याच्यावर अवलंबून असलेले मूल राहणार नाही. तिने विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी अर्ज केला आहे. उत्तर आलेले नाही. एका ताटात जेवणाऱ्या दोन बहिणींच्या मधून रेघ गेली आहे, आणि घरात कोणी त्या रेघेविषयी बोलत नाही.

कलम दोन. कोथरूडचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मी संपूर्ण मालकी हक्काने वल्लरीला देते. किल्ली माझ्या हयातीतच तिच्या हाती द्यावी.

रवींद्रला तो विकून इथे मोठे घर घ्यायचे होते. रोज संध्याकाळी चहा देताना तो विषय काढायचा. तिथे आता आपले कोण आहे, असे त्याचे म्हणणे. मी वल्लरीचे विचारले की म्हणायचा, "आई, तू उगीच टेन्शन घेतेस. लॉयरनं वेट करायला सांगितलंय. फक्त पेपरवर्क आहे."

रवींद्र वाईट मुलगा नाही. पण हे वाक्य मी लहानपणी ऐकले आहे, आणि त्याचे पुढे काय झाले ते मी पाहिले आहे. म्हणून कारणे लिहून ठेवते.

कलम तीन. माझे वडील राजाराम मुळ्ये रत्नागिरीचे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा आमच्या गावात आणून ठेवला आणि मला त्याच्या गावी धाडले, असे ते गमतीने म्हणत. रंगूनच्या सेक्रेटरिएटमध्ये ते हिशेबाच्या खात्यात कारकून होते. तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. रत्नागिरीचा माणूस मुंबईला जावा तसा रंगूनला जाई. १९३५ साली विलायतेच्या पार्लमेंटात कायदा झाला आणि १९३७च्या एप्रिलपासून ब्रह्मदेश वेगळा झाला. त्याचे कायदेमंडळ निराळे, मंत्री निराळे, कारभार निराळा. मी तेव्हा चार वर्षांची होते. हे सगळे आईकडून ऐकलेले.

वडिलांच्या टेबलावर वाटणीच्याच फायली येत. रेल्वे कोणाची, कर्ज कोणी फेडायचे, पेन्शन कोणत्या तिजोरीतून जायची. एके दिवशी ते घरी हसत आले. कपाटे आणि खुर्च्यांचीसुद्धा वाटणी लागली म्हणाले. आईने विचारले, "आणि माणसांची?"

"माणसं कुठल्याच यादीत नाहीत," वडील म्हणाले.

त्यांना ती समाधानाची गोष्ट वाटली. आईला वाटली नाही. परत जाऊ या, असे ती त्याच आठवड्यापासून म्हणू लागली. वडिलांचे उत्तर ठरलेले होते. हा नुसता कागद आहे, साहेबलोक वरच्यावर बघून घेतील, आपली नोकरी आहे, घर आहे, शेजार आहे. रस्त्यात लोक आम्हाला 'कला' म्हणू लागले होते, म्हणजे परके. तो शब्द पूर्वीही होता, पण आता तो मोठ्याने म्हटला जाई.

कलम चार. पुढच्याच वर्षी पावसाळ्यात दंगल झाली. समोरच्या मा टिन नावाच्या बर्मी बाईने आम्हाला तिच्या तांदळाच्या कोठीत लपवले आणि स्वतः दारात भाजी चिरत बसली. हातात कोयते घेतलेली माणसे आली. तिने विळीवरून मान वर केली नाही. ती त्यांच्याशी काय बोलली ते आम्हाला कळले नाही, पण ती माणसे गेली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका हिंदुस्थानी गवळ्याचा गोठा त्यांनी माणसासकट जाळला. तो वास मला आजही येतो. इथल्या सोसायटीत कोणी अंगणात मांस भाजायला लागले की मी खिडकी लावून घेते. रेणूला ते माझे सोवळे वाटते. ते सोवळे नाही.

मा टिनने दिलेली लाखेची डबी नैनाला द्यावी. ती कोणाची हे तिला सांगावे.

त्या दंगलीनंतरही वडील थांबले.

कलम पाच. रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा मी आठ वर्षांची होते. बोटीत जागा ज्यांना मिळायची त्यांना मिळाली. आम्ही उत्तरेच्या प्रोम गावापर्यंत आगगाडीने गेलो आणि तिथून डोंगर चढून समुद्राकडे निघालो. हजारो लोक होते. पाणी वाईट होते. तिसऱ्या चढावर वडिलांना पटकी झाली. ते झाडाखाली टेकले आणि आईला एवढेच म्हणाले, "तुझं ऐकायला हवं होतं."

ते गेल्यावर आईने त्यांच्या अंगावर स्वतःचे लुगडे पांघरले. माझा धाकटा भाऊ रडायला लागला तेव्हा तिने त्याला कडेवर घेतले आणि रडायचे ते चालता चालता रड म्हणाली. वडिलांना आम्ही रस्त्याच्या कडेला ठेवून पुढे गेलो. 'ठेवून' हा शब्द आईचा. 'सोडून' असे ती कधी म्हणाली नाही.

म्हणून वल्लरी, तुला सांगते. मी तुला जा म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. तुझे बाबा थांब म्हणतील, कारण त्यांना तू हवी आहेस. माझ्या वडिलांनाही आम्ही हवे होतो. थांबायचे की निघायचे हे तू ठरव, तुझ्या पायांत बळ आणि हातात किल्ली असताना ठरव.

कलम सहा. दागिने रेणूला द्यावेत. तिने माझे तीन महिने विनातक्रार केले. बँकेत जे असेल ते रवींद्रला. रत्नागिरीच्या काकांच्या वारसांना काहीही मिळू नये. आम्ही चितगावमार्गे घरी पोचलो तेव्हा काकांनी आईला पडवीत जागा दिली आणि मरेपर्यंत तिला बर्मावाली म्हटले. रंगूनला आम्ही हिंदुस्थानी म्हणून परके, रत्नागिरीला बर्माचे म्हणून. मी त्यांना क्षमा केलेली नाही आणि इतक्या उशिरा करणारही नाही.

कलम सात. माझा देह पुण्याला नेऊ नये. इथेच दहन करावे आणि राख जवळच्या तळ्यात सोडावी. कोणत्याही देशाचे पाणी मला चालेल.

कलम आठ. माझी भाची इला पुण्यात वकिली करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

वल्लरीला मराठी वाचता येत नाही, म्हणून आज सकाळी हे सगळे रवींद्रने तिला वाचून दाखवले. कलम पाच त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि मग वाचन पुरे केले. मग उठून त्याने ड्रॉवरमधली किल्ली आणली आणि तिच्यापुढे ठेवली. वल्लरीने ती उचलली. रेणू स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

नैना जिन्यावर बसून ऐकत होती. ती खाली आली आणि मला इंग्रजीत विचारू लागली, ताई गेली आणि मग बाबांनाही जावे लागले, तर मी कोणाबरोबर राहायचे? "बिकॉज आय अॅम फ्रॉम हिअर, आजी."

तिचा प्रश्न इथे लिहून ठेवायला मी पेन मागितले.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खाली नमूद साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. मी तीन घेतले, कारण गरज पडेल तेव्हा यांपैकी कोण या देशात असेल याची खात्री त्यांनाही नाही.

(सही) शरयू मधुकर आठल्ये

साक्षीदार :
१. राधिका देवस्थळी, कॅरी (व्हिसाची मुदत : मार्चपर्यंत)
२. यतीन गोडांबे, कॅरी (मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित)
३. मीनाक्षी गोडांबे, कॅरी (वरीलप्रमाणे)

स्थळ : कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५