तिसरा बोल्ट

प्रिय सुजित,

फोन केला की तू “बघतो गं” म्हणतोस आणि मेसेजला अंगठा दाखवतोस. म्हणून नाशिकच्या पत्त्यावर हे पत्र. निदान पूर्ण वाचशील.

क्लबचं नव्या चढाईमार्गांचं पुस्तक छापायला चाललंय. नोंदी तपासायचं काम आपल्या अध्यक्षांनी, अर्जुनरावांनी, माझ्या गळ्यात मारलंय, का, तर मी चाकणला कंपनीत दिवसभर मोजमापच करते. तिथे केसाएवढा फरक पडला तरी पार्ट रिजेक्ट होतो. आणि आपण दोघांनी पहिल्यांदा चढलेल्या मार्गाची तुझी नोंद काय? “उंची अंदाजे वीस मीटर. सोपा. बोल्ट हाताशी.” अरे, कुणाच्या हाताशी? रविवारी आकुर्डीहून एकटी टेप घेऊन गेले, वरून दोर सोडून मोजलं. वीस नाही, सव्वीस मीटर भरलं. दोर अडकवायला कातळात ठोकलेला तिसरा बोल्ट पाय ठेवायच्या शेवटच्या जागेपासून सव्वादोन मीटरवर आहे. तू सहा फुटी, हात वर केलास की दोर अडकवून मोकळा. पाच फुटांच्या माणसाने काय करायचं, उडी मारायची?

दिव्याने तेच केलं. रहाटणीची आपली नवी मेंबर, माझ्याच उंचीची. तुझ्या नोंदीची झेरॉक्स खिशात घेऊन गेली आणि तिसऱ्या बोल्टला हात घालताना खालच्या कातळटप्प्यावर पडली. घोट्यात प्लेट बसवलीये. तिची आई शालनबाई मला दवाखान्यात म्हणाली, “पोरगी म्हनती कागदावर सोपं लिव्हलंय. कुनी लिव्हलं वो ते?” मी पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने बाहेर पळाले. तेव्हापासून तुझ्यावर इतकी चिडलेय की शिफ्टमध्ये कुणी “अंदाजे” म्हटलं तरी अंगावर धावून जाते.

पण चिडायचा हक्क मला अर्धाच आहे, म्हणून लिहितेय. पहिल्याच्या मागून दोरावर चढणाऱ्याने होकार दिल्याशिवाय “सोपा” लिहायचं नाही, हा आपला नियम. तू वरून विचारलंस, कसा वाटला, आणि मी म्हणाले, सोपा. खोटं बोलले. हात पोचलाच नव्हता. मी दोराला लोंबकळले आणि तू ओढून घेतलंस. माझं सगळं वजन तुझ्या हातात आलं होतं, ते तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही. मला तू आवडायचास, सुजित. जमलं नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला नेशील, ही भीती होती. आता मी “कठीण” लिहिलंय, मोजमापं घातलीत आणि पहिली चढाई करणाऱ्यांतून माझं नाव काढलंय. तुझी परवानगी मागत नाहीये. दुसऱ्याकडून कळू नये, एवढंच. पत्र पेटीत टाकून तशीच रहाटणीला शालनबाईंकडे जाणार आहे.

तुझीच, न चढलेली जोडीदार,
करिष्मा